आधी प्यायचं सूप

अरिबा, तू आधी तो फोन खाली ठेव आणि फक्त ऐक. मधे बोलायचं नाही. हसायचं तर अजिबात नाही, कारण हसलीस की मीपण हसणार आणि मग सांगणं राहून जाईल. आमच्या गौरीच्या सणात जे झालंय ना, ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आणि मला आज रात्रीच्या आत ठरवायचंय.

तर, सूप. प्यायचं नाही गं, बांबूचं. तांदूळ पाखडायचं. तुमच्या मागच्या पडवीत टांगलेलं असतं बघ, ते. आमच्यात लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नवी सून ओवसा करते. म्हणजे काय, तर कोऱ्या सुपांत फळं, नारळ, काकडी, करंज्या, सुकामेवा असं सगळं भरायचं, गौरीपुढे ओवाळायचं आणि मग घरातल्या मोठ्या बायकांना एकेक सूप द्यायचं, पाया पडायचं. तेपण दरवर्षी जमत नाही, नक्षत्र जुळावं लागतं. यंदा जुळलं. आणि पहिलं सूप सगळ्यांत मोठीला. आमच्यात सगळ्यांत मोठी कोण, तर भाऊंची, म्हणजे माझ्या बाबांची बहीण, म्हसळ्याची गोदूआत्या.

आत्या तुला माहितीये. कुशलदादाचं लग्न ठरलं तेव्हा ती काय म्हणाली होती? "अमरावती? तिथनं दर्या किती लांब हाय?" जसं काय वहिनी तिथून चालत येणार होती. आणि लग्नात, मांडवात, सगळ्यांसमोर, "पोरीला मासा साफ करता येत न्हाय, नारळ सोलता येत न्हाय. सून आणलीत का पाव्हणी?" आश्लेषावहिनी तेव्हा हसली. पण नंतर मला म्हणाली, "क्षिप्रा, त्या पाहुणी म्हणाल्या न, ते खरं आहे. मला इथं अजून पाहुण्यासारखंच वाटते." आणि मे महिन्यापासून तिचं एकच चाललेलं. ओवशाला आत्यानं आपल्या हातातून पहिलं सूप घ्यायला हवं. घेतलं की ती इथली.

आता मला सांग, इतकी चार महिने काळजी केली तर सूप म्हणजे काय ते विचारायला नको? पण तिनं का विचारावं? शब्द तर साधा. त्यांच्याकडे पाखडायच्याला सुपडं म्हणतात, सुपडं. सूप म्हणजे हॉटेलात पितात ते. तिला वाटलं, कोकणात देत असतील बाबा. नंतर मला म्हणाली ना, "तुमच्याकडे गौरीला वडे-मटण चालते, मग सूप काऊन नाही चालणार?"

बरं, आज सकाळी आई आणि मी अलिबागला गेलेलो. फुलं, पत्री आणि पाच नवी सुपं घेतली, आणि परत येताना मिनीडोर रिक्षात चोंढीच्या नाक्यावर अडकलो. सगळी मुंबई आपापल्या बंगल्यावर निघालेली. एक गाडी हलेना. माझ्या मांडीवर पाच सुपं, त्यावर फुलांची पिशवी, आणि शेजारच्या काकांच्या कानात सुपाची कड. आईनं वहिनीला फोन लावला. मी शेजारी बसून आईचा शब्द न् शब्द ऐकलाय, आणि मला काहीही वावगं वाटलं नाही.

आई म्हणाली, "आश्लेषा, आम्हाला उशीर होतोय. तू सुपांच्या तयारीला लाग. पाच सुपं. नारळ आहेत, वाडीतली मक्याची कणसं आणून ठेवलीत, ती घे. दालचिनी, लवंग, वेलची, सगळं थोडं थोडं घाल. काठोकाठ भरायचंय, कमी दिसायला नको." मग आई म्हणाली, "सुपं मी घेऊन येतेय," आणि नेमका तेव्हाच मागच्या डंपरनं असा हॉर्न दिला की मिनीडोरवाल्यानं त्याच्या आईची चौकशी केली. ते संपल्यावर वहिनीनं काहीतरी विचारलं आणि आई म्हणाली, "घट्टच गं. सैल ठेवलंस तर सांडेल सगळं."

कळतंय का तुला? वहिनीनं विचारलेलं, "आई, पातळ ठेवू का घट्ट?" आणि आईला त्या गोंगाटात नुसतं 'घट्ट' ऐकू आलं.

अरिबा, हसू नको म्हटलं ना.

मग आमच्या आधी आत्या पोचली. दादानं तिला अलिबागच्या स्टँडवरून बाइकवर बसवून आतल्या रस्त्यानं आणली. आम्ही दारात आलो, मी पुढे, दोन्ही हातांत सुपांची चळत, हनुवटीनं धरलेली, आणि आधी वासच आला. दालचिनीचा, लवंगेचा, आणि खाली नारळाच्या रसाचा तो गोड वास. गौरीच्या दिवशी आमच्या घराला असा वास कधी आला नव्हता. गौरीसमोर पाटावर स्टीलचे पाच वाडगे, वर ताटल्या झाकलेल्या, प्रत्येक ताटलीवर हळदीकुंकवाची बोटं. दादा कोपऱ्यात बसून सहावा वाडगा पीत होता. त्याला तर ओवसा माहितीये ना, जन्मापासून बघतोय. नंतर विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं यंदा असं आहे."

आणि आत्या खुर्चीत. नऊवारी, नथ, केसात गजरा, आणि मांडीवर वाडगा. वहिनी नुकतीच तिच्या पायावरून उठत होती.

आत्या आईकडे बघून म्हणाली, "काय गो, तुझ्या सुनंनं माझ्या हातात हे काय दिलंन?"

आई दारातच उभी. हातातली पत्री तशीच. वहिनीनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हनुवटीखालच्या सुपांकडे. आणि तिला कळलं. मी बघितलं तिला कळताना. कानापासून लाल झाली आणि मग एकदम पांढरी. पदर दोन्ही हातांनी धरला. ती आता रडणार, आत्या वाडगा खाली ठेवणार, आणि पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात, "आमच्या कुशलच्या बायकोनं ओवशाला मका पाजला" हे ऐकायला लागणार.

म्हणून मी बोलले. विचार केला नाही, तोंडच उघडलं. म्हटलं, "आत्या, त्यांच्याकडची रीत आहे. आधी प्यायचं सूप, मग पाखडायचं सूप."

आत्या म्हणाली, "असं?"

"हो. अमरावतीला असंच असतं. आधी आत थंड झालं पाहिजे, मग घ्यायचं."

"गरम सुपानं थंड कसं होतं?"

"मन, आत्या. मन थंड."

आई माझ्याकडे असं बघत होती, जशी मी कुणाच्या तरी दुसऱ्याच घरातून आलेय.

आत्या सोडणारी आहे का? "अमरावतीला नारळ कुठनं येतात गो?"

मी म्हटलं, "पार्सलनं."

"आणि हे पिताना काय म्हणायचं असतं? मंत्र हाय, गाणं हाय?"

मी म्हटलं, "काही म्हणायचं नाही. तीनदा फुंकर घालायची. प्रत्येक फुंकरीला गौरीचं नाव मनात."

देवाशपथ, आत्यानं डोळे मिटले आणि तीनदा फुंकर घातली. इतकी मनापासून की नथ हलली. मग प्यायली. परत प्यायली. वाडगा तोंडाला लावून संपवला, बोटानं कड पुसली आणि वहिनीला विचारलं, "रस फुटला न्हाय तो?"

वहिनी हळूच म्हणाली, "पहिल्यांदा फुटला होता, आत्या. मग परत केलं. तुपात जिरं, आलं, दालचिनी-लवंग, मग मका वाटून पातळ रसात शिजवला. जाड रस गॅस बंद करून मग घातला. वरून जायफळ."

"काकडी कशाला किसलीस वर?"

"काकडीपण ठेवलेली होती न. तिचं काय करायचं ते कळलं नाही."

तेवढ्यात शेजारच्या दोन काकू आल्या, ओवशाला आमच्याकडे येतातच. आत्यानं त्यांना समोर बसवलं आणि शिकवायला लागली. "अशी न्हाय, शांता, थुंकी उडत्ये. हळू. तीनदा." आईला पण घालायला लावली फुंकर. आई माझ्याकडे बघत फुंकर घालत होती, अरिबा, मी तिच्याकडे बघूच शकले नाही.

मला वाटलं, जमलं. आता करंज्या भरू, खरी सुपं देऊ, संपलं. आणि वहिनीचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. अमरावतीहून तिची आई. लेकीची पहिली गौर बघायची होती त्यांना.

आत्यानं फोन वहिनीच्या हातातून घेतलाच. "विहीणबाई, नमस्कार. तुमची पोर गुणाची हो. आणि तुमच्याकडली ती रीत..."

मी तोपर्यंत टीव्हीमागे. राउटरची पिन ओढली. टीव्ही गेला, आतून भाऊ ओरडले, मॅच लागलेली त्यांची. आणि कॉल चालूच. वहिनीचा फोन डेटावर होता.

तिकडून आवाज आला, "कोणती रीत बाप्पा?"

"ती सुपाची."

"सुपाची? आमच्यात तर सुपाचं काही नसते. आमच्यात महालक्ष्म्या असतात."

सुपातून एक फूल गळलं. मी पिन हातात घेऊन उभी. तोंड उघडलं, आता काय सांगायचं ते शोधत होते, की त्या वेगळ्या गावच्या आहेत, की ही रीत वडिलांकडून आलीय. आणि वहिनी मधे आली. फोन घेतला, "आई, मी नंतर करते," म्हणाली, ठेवला, आणि आत्यासमोर खाली बसली.

"आत्या, रीत काही नाही. मला सूप म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. मी प्यायचं समजले. क्षिप्रानं माझ्यासाठी सांगितलं तसं. पण पहिलंच सूप मला खोट्यावर नाही द्यायचं. तुम्हाला नसेल घ्यायचं तर नका घेऊ."

मी इथे मरतेय तिला वाचवायला आणि ही बघ.

आत्यानं रिकाम्या वाडग्यात बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे त्या फुंकरा?"

मी म्हटलं, "मीच."

"मन थंड?"

"तेपण मीच."

आत्याचं पोट आधी हललं, मग खांदे, मग नथ. तिला हसताना मी तरी पहिल्यांदा बघितलं. डोळ्यांतून पाणी. काकूपण हसायला लागल्या, आणि आईनं शेवटी ती पत्री खाली ठेवली. मग आत्या वहिनीला म्हणाली, "मी लग्न करून म्हसळ्यास गेले तेव्हा ओवशाचं सूप उलटं धरलं होतं. सगळा खाऊ सासूच्या पायावर. तू निदान पोटात तरी घातलंस. जा, भर ते सूप. माझं पहिलं." आणि वहिनीनं भरलं, ओवाळलं, दिलं, आणि आत्यानं दोन्ही हातांनी घेतलं. डोक्याला लावलं. म्हणाली, "ही पाव्हणी न्हाय." वहिनी तिथेच रडली. दादा पण रडला, पण त्याचं काही सांगू नको.

म्हणजे इथपर्यंत सगळं छान. तू म्हणशील, मग काय ठरवायचंय?

आत्या उठली, हात धुतले, आणि एकदम थांबली. पर्समधून फोन काढला. आणि मला मागच्या पडवीत बोलावलं. काकूंना फुंकरी शिकवून झाल्यावर, अमरावतीचा फोन यायच्या आधी, दुसरा वाडगा पिताना, तिनं म्हसळ्याच्या भजनाच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला होता. "बायांनो, एक नवी रीत शिकले, लई जुनी हाय." कृती सांगितलेली. फुंकरी सांगितलेल्या. मन थंडपण. आणि ग्रुपवर फोटो यायला लागलेले. वाडगे, पाट, वाडग्यांवर हळदीकुंकू. एकीनं तर चांदीच्या वाटीत केलेलं. एकीनं लिहिलंय, माझ्या आजीकडे हेच असायचं, मला आठवतं.

मी म्हटलं, "आत्या, सांगून टाक ना, गंमत झाली म्हणून."

ती म्हणाली, "मी? मी तिथं सगळ्यांना रीती सांगत्ये. मला नाक हाय."

"मग राहू दे तसंच."

"राहू कसं देऊ? खोटी रीत गौरीसमोर?" आणि फोन माझ्या हातात दिला. "तू काढलीस, तूच मिटव. माझ्या फोनवरनं, माझ्या नावानं, आणि माझं नाक न जाता."

वहिनी म्हणते, खरं सांग, मला बघ सांगितल्यावर किती हलकं वाटलं. आई म्हणते, मला विचारू नको, मी अजून चोंढीलाच आहे. आणि आत्याचा फोन हा बघ, माझ्याकडेच राहिलाय, ती उद्या सकाळी घेणार आणि म्हसळ्याला जाणार. आत्ता आपण बोलत असताना अजून एक फोटो आला. बघ ना. एका म्हातारीनं मक्याऐवजी केळी घातलीत आणि विचारतेय, चालेल ना गोदूताई.

आता तू सांग. तू काय केलं असतंस?