दोन्ही टोकं आत

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन नंबरची खाट हिरवी दिसत होती आणि प्रत्यक्षात तिच्यावर कोणीच नव्हतं. शिवकन्या उठून खाटेशी गेली. त्या खाटेवर या वेळी तिचे आबा, म्हणजे वडील बंकटराव, असायला हवे होते.

बीडच्या या डायलिसिस केंद्राचा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. गावाकडच्या रुग्णाची गाडी कधी पोचते आणि परतीची शेवटची कधी सुटते, हा एक काळ. मशीनवरचे चार तास, हा दुसरा. दुसरा पहिल्यात पुरता मावला, दोन्ही टोकं आत असली, तरच खाट हिरवी. एक टोक जरी बाहेर गेलं तरी लाल.

"बाबा ना? तासभर आधीच सुई काढायला लावतात," सिस्टर म्हणाली. "दर खेपेला. गाडी चुकंल म्हणतात, ऐकतच न्हाईत."

शेवटची गाडी सातला, असं आबांनीच सांगितलं होतं. तिच्या लग्नाआधी ती सातलाच सुटायची. प्रोग्रामनं विश्वास ठेवला, तिनंही ठेवला.

ती स्टँडवर धावली. गावाकडची शेवटची गाडी आता साडेपाचलाच सुटत होती; तिच्या खिडकीशी आबा बसले होते. चेहरा सुजलेला, दंडावर कापूस दाबून धरलेला.

"आबा, खोटं कावून सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर मुक्काम करा म्हणली असतीस."

"मग करा की! माझं घर हाय."

"तुझ्या सासऱ्याचं हाय. लेकीच्या सासरी पथारी टाकू? लोकं काय म्हणतील, बाई?"

तिला आधी राग आला, मग रडूच आलं. "असं केलं तर मरताल तुमी."

आबांनी दंडावरचा कापूस पुन्हा दाबला. गाडी सुरू झाली तेव्हा म्हणाले, "बरं. पुढच्या खेपेला राहतो."

केंद्रात परत येऊन तिनं गाडीची खरी वेळ घातली. खाट लाल झाली. मग परतीला दुसऱ्या दिवशीची सकाळची गाडी घातली. हिरवी. मधली रात्र माणूस कुठं काढणार, हे प्रोग्राम विचारत नव्हता.

पुढच्या खेपेला तिनं बिनमिठाची भाजी केली. सासऱ्यांनी स्वतः बाहेरच्या खोलीत गादी घातली. दिवेलागण झाली तरी आबा येईनात, फोनही लागेना. ते कुठं असतील हे तिला एकाएकी कळलं. तिनं डबा भरला आणि निघाली.

स्टँडवरच्या शेवटच्या बाकावर आबा पिशवी उशाला घेऊन आडवे झाले होते. तिला पाहून ते चोरी पकडल्यासारखे गडबडीनं उठून बसले.

"पुरे चार तास घेतले बघ," ते म्हणाले. "तुझ्या मनासारखं झालं न्हवं?"

तिनं डबा त्यांच्यासमोर धरला. आबांनी डब्याकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही. रात्री पांघरायला आणलेलं उपरणं त्यांनी पिशवीतून काढलं आणि बाकावरच्या शेजारच्या धुळकट जागेवर नीट अंथरलं.

"बस घटकाभर. साडी मळंल. मग जा घरी, वाट बघत असतील."