पहिले हापशीले हात लावा

मित्रांनो, मी एक जुनी तार आहो. जुनी म्हणजे दोन वर्षांची. हसू नका! आमच्या जातीत एवढ्या वयात पणजी होते. आन बारीक एवढी, का तुमच्या डोक्याचा केस माह्यापुढं कडुनिंबाचं खोड वाटन.

कॉलेजात संशोधन करणाऱ्या शाइस्तानं मले तिथल्या भट्टीत वाफेतून वाढवलं. नखाएवढ्या चकतीवर निजवलं, दोन्ही टोकाले सोनं लावलं. करंट माह्या पोटातून जातच नाही, कातडीवरूनच पळते. जवळ चुंबक असलं का करंटच्या लहरी माह्या कमरेले दोन्हीकडून वळसा घालतात. चुंबकाचा जोर वाढला तशा कधी एकमेकींच्या गळ्यात पडतात, कधी तोंड फिरवतात. म्हणून करंट कधी सुटते, कधी अडते. हेच शाइस्ताले मोजाचं होतं. माह्या साऱ्या बहिणी जळून गेल्या. मी गेली का तिची मेहनत गेली.

अशा मले डबीत घालून ही पोरगी वडनेर भोलजीले घरी आली! सोमवारी नागपूरच्या मशीनवर तिचा नंबर होता.

"डबी तं खाली आहे!" अकील चाचा म्हणे. "पोरी, तुले कोणी फसवलं."

"हिनं पंखा फिरन का?" इमामबी दादीनं इचारलं.

"नाही दादी."

"मंग काऊन एवढी जपून राह्यली वं?"

आता सांगा! चुंबकाशी कुस्ती खेळणारी मी, आन मले पंखा!

तेवढ्यात चाचा नायलॉनचं स्वेटर घालून, बोट पुढं करून आले. कोरडी थंडी. शाइस्ता ओरडली, "चाचा, थांबा! पहिले हापशीले हात लावा!"

"तार पाहाले हापशीची इजाजत?"

"लावा तं खरं!"

चाचा कुरकुरत अंगणातल्या पाण्याच्या हापशीकडं गेले. लोखंडाजवळ बोट नेलं आन चट्ट! असा जाळ निघाला का कोंबड्या उडाल्या त्या थेट शेगावले उतरल्या.

"स्वेटरनं तुमच्या अंगात साठलेल्या विजेचा हा झटका तिले बसला असता," शाइस्ता म्हणे, "तं ती संपली असती."

मंग चाचाच हापशीजवळ उभे राह्यले. जो येईन त्याले दटावत, "हात लाव बे पहिले!" मी कोणालेच दिसली नाही, ते सोडा.

नागपूरच्या मशीनमधी अशी थंडी, का वडनेरची थंडी मले तव्यासारखी आठवली. चुंबकाचा जोर वाढला. आन पडद्यावर करंटची रेघ वर, खाली, वर, खाली झुलाले लागली. शाइस्तानं रडत रडत घरी फोन लावला.

"चालली का?" चाचानं इचारलं.

"चालली चाचा!"

"वाह! मंग पंखा कधी?"

मित्रांनो, मले हात नाहीत, नाहीतं जोडले असते. बारीक जिवाले भेटाच्या आधी हापशीले हात लावा. आन पंख्याचं नाव काढू नका. नाहीतं झटक्याचीही गरज नाही, मी आपल्या मनानंच जळून जाईन.