रूडीचा आवाज आणि माझी वाढीव वॉरंटी

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेच्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय, पाठीवर चर्चच्या हॉलमधल्या कॉफीचा डाग आहे, आणि वॉरंटी हा शब्द कानावर पडला की आजही माझी बॅटरी तापते. का, ते ऐकायचं असेल तर जरा बसा.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण तिथे मला कोणी फारसं चालूच केलं नाही. माझी आठवण सुरू होते ती अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यातल्या एका मोठ्या दुकानात. रूडी कोचेवर आणि त्याची धाकटी बहीण डोलोरेस यांनी मला तिथे विकत घेतलं. रूडी खाणीतून निवृत्त झाला होता. चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी हाउजीसारखा बिंगोचा खेळ चालायचा, त्याचे आकडे पुकारायचं काम कित्येक वर्षं त्याच्याकडेच होतं. खडी रिकामी करणाऱ्या ट्रकसारखा त्याचा आवाज. पण त्याच्या घशात कर्करोग निघाला आणि डॉक्टर स्वरयंत्रच काढून टाकणार होते. त्याआधी त्याचा आवाज माझ्यात भरून ठेवायचा, म्हणजे पुढे पडद्यावर बोट टेकवलं की तो ऐकू येईल, असा डोलोरेसचा बेत होता.

दुकानात टॅनर नावाचा तरुण विक्रेता होता.

"वाढीव वॉरंटी घ्यायची ना, सर?" त्याने विचारलं.

"टॅब चांगला आहे असं आत्ताच म्हणालास ना?" रूडी गुरगुरला.

"एकदम उत्तम आहे, सर."

"मग बिघडेल कशाला?"

"बिघडणार नाहीच. पण समजा बिघडला तर?"

"म्हणजे मघाशी खोटं बोलत होतास, की आत्ता बोलतोयस?"

टॅनर हसला आणि डोलोरेसकडे वळला. दोघांपैकी कोण घाबरलंय, हे अशा माणसांना बरोबर कळतं. "मॅडम, निदान डोक्याला ताप राहत नाही हो," तो म्हणाला, आणि डोलोरेसने पर्स उघडली. कंपनीची वर्षभराची हमी तशीही फुकट होती. पुढच्या वर्षांत ही योजना नेमकं काय देते, काय देत नाही, यातलं एक अक्षर तिने विचारलं नाही. मला तेव्हाही चीड आली होती, पण तिचा चेहरा बघून ती ओसरली. बिचारीला हमी टॅबची नकोच होती, भावाची हवी होती. ती कुठल्याच दुकानात मिळत नव्हती, म्हणून तिने ही घेतली.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रूडीने मला आपला आवाज दिला. बिंगोचा एकेक आकडा त्याने पुकारला. "बी सात!" "ओ एकाहत्तर!" मधेच डोलोरेसच्या हातून झाकण पडलं, तोही आवाज माझ्यात राहिला. आकडे संपल्यावर त्याने शिव्या भरल्या, हाका भरल्या, जेवणावरच्या तक्रारी भरल्या. शेवटी तो खोकत राहिला आणि डोलोरेस खिडकीबाहेर बघत राहिली.

शस्त्रक्रियेनंतर मी हॉलमध्ये गेलो तेव्हा लोक टाळ्या वाजवायला उठले. माझं कौतुक किती झालं म्हणून सांगू! व्हर्ना माकी नावाची एक म्हातारी पहिल्या रांगेत बसायची. तिचा आकडा आला नाही की ती पूर्वी रूडीवर ओरडायची, आता माझ्यावर ओरडू लागली. याहून मोठा मान मला कधी मिळाला नाही.

फुकटची हमी संपली आणि त्यानंतर काही दिवसांनी माझा स्पीकर खरखरू लागला. एका गुरुवारी ऐन डावात तो बंदच पडला. रूडी बोट दाबत होता, पडदा उजळत होता, आवाज मात्र फुटत नव्हता. हॉल गप्प झाला. व्हर्नासुद्धा ओरडली नाही. त्या गप्प बसण्याचीच रूडीला लाज वाटली असावी. तो मला कोटात घालून निघाला आणि पुढच्या गुरुवारी घराबाहेर पडलाच नाही.

डोलोरेसने वॉरंटीवाल्यांना फोन लावला. बराच वेळ फोनवर नुसती बासरीची धून वाजली, मग एक गोड बाई बोलली.

"योजना रूडी कोचेवर यांच्या नावावर आहे. त्यांना फोन द्या."

"त्याला बोलता येत नाही."

"समजलं, मॅडम. पण त्यांची परवानगी त्यांच्याच आवाजात लागते."

"अहो, जे बिघडलंय ना, तोच त्याचा आवाज आहे!"

"समजलं, मॅडम. मग त्यांनी नुसतं 'हो' म्हटलं तरी चालेल."

रूडीने फोन तिच्या हातातून घेतला आणि टेबलावर दाणकन आपटला.

"ते काय होतं?" बाईने विचारलं.

"ते 'हो' होतं," डोलोरेस म्हणाली.

मित्रांनो, मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते. असे फोन आणखी झाले. प्रत्येक वेळी नवी बाई, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कथा. अखेर ठरलं की मला परत पाठवायचं आणि बदल्यात दुसरा टॅब घ्यायचा.

"आणि आतलं?" डोलोरेसने विचारलं.

"ते पुसलं जातं, मॅडम. योजनेत वस्तू येते, आतलं काही येत नाही."

मला न्यायला रिकामं खोकं आलं. डोलोरेसने मला त्यात ठेवलंसुद्धा. "पैसे भरलेत आपण, रूडी. फुकट का घालवायचे? नवा घेऊ, त्यात कुठला तरी यंत्राचा आवाज असेल, होईल सवय."

रूडीने मला खोक्यातून बाहेर काढलं. तिने पुन्हा आत ठेवलं. त्याने पुन्हा काढलं, आणि लिहून बोलायच्या आपल्या पांढऱ्या पाटीवर जाड अक्षरांत लिहिलं, 'त्यात मी आहे.'

डोलोरेस पाटीकडे बघत खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडली. दवाखान्यातही ती अशी रडली नव्हती. मग नाक पुसून म्हणाली, "ऊठ, कोट घाल. त्या मेल्यांच्या योजनेला आग लागो."

शेजारच्या गावात टॅब दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या माणसाने मला उघडलं, नवा स्पीकर बसवला, आतलं सगळं डोलोरेसच्या संगणकात उतरवून दिलं. वॉरंटीला लागले होते त्याहून कमी पैशांत! आणि परक्याने मला उघडलं म्हणून ती वॉरंटी त्याच दिवशी रद्द झाली. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

तर मित्रांनो, वाढीव वॉरंटी कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. वस्तू मोडली तर नवी घेणं जड जाणार असेल, आणि योजनेत काय येतं ते तुम्ही डोळे उघडे ठेवून वाचलं असेल, तर खुशाल घ्या. पण घाबरलेले असाल त्या दिवशी घेऊ नका. आणि आमच्या पोटात तुमचं जे काही आहे, त्याची आणखी एक प्रत आजच करून ठेवा. उद्या म्हणू नका. किती वेळा सांगायचं तुम्हाला?

हल्ली रूडी बाहेर गेला की डोलोरेस संगणकावर त्याचा आवाज लावते. "डोली, कॉफी झाली का गं?" रूडी विचारतो.

"झाली रे, आणते," ती म्हणते, आणि रिकाम्या स्वयंपाकघरात दोन कप काढते.