पलीकडच्या काठाचा नकाशा

मानवाने अग्नी शोधला, मग चाक शोधलं, आणि आज आपल्या शाळेत टॅब्लेट आले; मानवजातीच्या वाटचालीतला हा तिसरा टप्पा आहे, असं मुख्याध्यापक मोरेश्वर सरांनी टाळ्यांच्या कडकडाटात जाहीर केलं. मग हा तिसरा टप्पा त्यांनी जुन्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळला, लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली बनियनच्या खिशात टाकली. अग्नीच्या बाबतीत मानवजातीने एवढी काळजी घेतली नव्हती.

करुणा मॅडमना मात्र तो टप्पा वर्गात हवा होता. त्या चौथीला शिकवत. टॅब्लेटच्या प्रशिक्षणाला शाळेतून त्याच गेल्या होत्या. प्रशिक्षणाहून माणसं बहुधा तिथल्या जेवणाची चव घेऊन परततात. करुणा मॅडम विषय घेऊन परतल्या, तिथे सगळी पंचाईत झाली. चार पोरांत एक टॅब्लेट, सगळ्या वर्गाचं मिळून एकच चित्र. एकाने इकडे रेघ ओढली की ती सगळ्यांच्या पडद्यावर उमटते. पोरं एकमेकांना विचारून, सांगून शिकतात. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यांच्या मनात ते बसलं होतं.

"सर, किल्ली," त्या रोज म्हणत.

"वापरले तर खराब होतील ना, मॅडम."

"कपाटात राहूनही खराबच होऊन राहिले, सर."

"होतील. पण ते आपल्यावर येत नाही," सर शांतपणे म्हणत. सर मुळात प्रेमळ माणूस. फक्त नोकरीच्या शेवटच्या वर्षात आपल्यावर काही येऊ नये, एवढंच त्यांचं अध्यात्म होतं.

मग निरोप आला. सौसरहून शिक्षण खात्याच्या नेहा मॅडम गुरुवारी तपासणीला येणार; जिथे टॅब्लेट वापरात नाहीत, तिथून ते उचलून लोधीखेड्याकडच्या एका शाळेला देणार. सरांनी बनियनमधून किल्ली काढली. पोटची पोरगी सासरी धाडावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"घ्या. पण वर्गात एक भांडण झालं की कपाट. अन् गुरुवारी त्या मॅडमसमोर झालं, तर लोधीखेडा."

अट साधी वाटते. ज्यांना तो वर्ग माहीत नाही त्यांना.

शाळा जांब नदीच्या काठची. या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि वर्गात पोरं दोन्हीकडची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं नदीत उतरून एकमेकांना दगड मारतात, ती गोटमार. उरलेलं वर्षभर तीच माणसं एकमेकांच्या घरी पोरी देतात, भाजी विकतात, लग्नात पंगती वाढतात. पोरांपर्यंत मात्र यातला पहिलाच भाग पोचलेला. वर्गात खिडकीकडे सावरगाव बसे, दाराकडे पांढुर्णा. तसं बसा असं कोणी सांगितलं नव्हतं. मधली वाट कोणाच्याच हद्दीत येत नसल्यामुळे ती कोणी झाडतही नसे.

सोमवारी करुणा मॅडमनी टॅब्लेट वाटले, आपल्या मोबाइलवरून ते एकमेकांना जोडले आणि म्हणाल्या, "आपल्या गावाचा नकाशा काढायचा. मधी नदी मी काढली. आता आपापला काठ तुम्ही काढा."

पोरं चिडीचूप कामाला लागली. मॅडमना भरून आलं. एवढ्यात दाराकडून श्रुतीचा आवाज आला.

"म्याडम, यानं आमचं स्टेशन खाल्लं!"

"मंग तुमी आमचा हातपंप काहून पुसला बे?" खिडकीतून गौरव.

टॅब्लेटमध्ये चित्र काढण्याची सोय असते, तशी पुसण्याचीही असते. ती बनवणाऱ्याने जांब नदी पाहिली नसावी. पांढुर्ण्याने बाजार काढला की सावरगावचं बोट येऊन तो साफ करी. सावरगावने चार घरं बांधली की पांढुर्णा ती भुईसपाट करी. घंटा झाली तेव्हा पडद्यावर फक्त नदी उरली होती.

मोरेश्वर सर दारात उभे होते. "छान नकाशा आहे," ते म्हणाले. "सृष्टीच्या आरंभीचा का?"

"सर, भांडण नाही झालं. चर्चा झाली."

"चर्चेत त्या पोराची कॉलर फाटली, मॅडम."

पण त्यांनी किल्ली मागितली नाही. मॅडमनी नजरच तशी रोखली होती.

मंगळवारी त्यांनी काठ मोडायचे ठरवले. एकेका टॅब्लेटवर दोन पोरं इकडची, दोन तिकडची. प्रशिक्षणात हेच सांगितलं होतं, की मिसळा. मिसळल्यावर जे झालं ते प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

"कालपर्यंत एक गोटमार होती," सर दारातून म्हणाले. "तुम्ही टॅब्लेटगणिक एक करून दिली."

हट्टी माणूस हरायला लागला की जास्त नीट ऐकतो. मॅडम वर्गातून फिरत ऐकत होत्या. गौरवने नुसती खोडी म्हणून पांढुर्ण्याचं स्टेशन काढलं होतं, आणि रेल्वे नेऊन थेट मंडीत घुसवली होती.

"अबे, गाडी मंडीत जाते का?" श्रुती कडाडली. "संत्री घ्याले थांबते का ते?"

"मले का माईत? मी का तुमच्या गावचा हाव?"

"मंग इचार ना!"

"मंग सांग ना!"

आणि श्रुतीने सांगितलं. रागाने लाल होऊन, एकेक शब्द फेकून मारल्यासारखं. पण स्टेशन कुठे, फाटक कुठे, मंडी कोणत्या हाताला, सगळं सांगितलं. गौरवने तोंड वाकडं करत सगळं काढलं. बरोबर काढलं.

करुणा मॅडम जागच्या जागी थांबल्या.

बुधवारी त्यांनी पोरांना परत आपापल्या काठाला बसवलं आणि नियम सांगितला. पांढुर्णा काढायचा सावरगावने. सावरगाव काढायचं पांढुर्ण्याने. आपल्या गावाला बोट लावायचं नाही. तोंडाने सांगायचं, काढतील पलीकडचे.

"अन् त्यांनी गचाळ काढलं तर?" श्रुतीने विचारलं.

"तर नीट सांग."

पहिल्या झपाट्यात सावरगावने पांढुर्ण्यात एक उकिरडा आणि दोन कुत्री काढली. पांढुर्ण्याने सावरगावात एकच म्हैस उभी केली, तीही पाठमोरी. वर्ग पेटला. "आमच्याकडं हातपंप हाय!" "कुठं हाय?" "देवळाच्या मांगं!" "देऊळ कुठं हाय पण?" पुसायला बोटं धावली आणि मधेच थबकली. पलीकडच्यांचं काम पुसावं, तर ते आपलंच गाव. आपलं गाव गेलं की पुन्हा त्यांच्याकडूनच मागून घ्यायचं. असा पेच त्या दोन गावांना कधी पडला नव्हता. घसा बसेपर्यंत पोरं एकमेकांना रस्ते सांगत राहिली.

राहिला पूल. तो दोघांचाही, म्हणून कोणाच्याच वाट्याला येईना. दोन्हीकडून निम्मा निम्मा काढला गेला आणि मधे फट राहिली. ती तशीच असताना घंटा झाली.

गुरुवारी नेहा मॅडम आल्या, चहा नको म्हणाल्या आणि सरळ वर्गात जाऊन एका टॅब्लेटच्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या. मोरेश्वर सर त्यांच्या मागे, लोधीखेड्याला टॅब्लेट कशात बांधून द्यावेत याचा विचार करत असल्यासारखे.

"फारच छान. पण हा पूल तुटला आहे का?"

गौरवने श्रुतीकडे पाहिलं, श्रुतीने गौरवकडे. करुणा मॅडमनी टेबलाची कड घट्ट धरली. मधे पडायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. टॅब्लेट गेले तरी चालतील, पण ही रेघ आपण ओढायची नाही.

"तिकून ओढ तू," गौरव शेवटी पुटपुटला. "मी इकून येतो."

"सरळ येजो पण."

"तू सरळ ये."

दोघंही सरळ आले नाहीत. पूल जुळला, पण मधे एक पायरी राहिली.

"सायकलवाल्याले उतरा लागन," कोणीतरी म्हणालं, आणि दोन्ही काठ एकदम हसले.

"कोणी काढला हा नकाशा?" नेहा मॅडमनी विचारलं.

"यायनं!" खिडकीने दाराकडे बोट दाखवलं, दाराने खिडकीकडे. ती तक्रार होती. नेहा मॅडमना तो विनय वाटला. त्यांनी तपासणीच्या शेऱ्यात 'मुलांमध्ये विलक्षण परस्पर आदर' असं लिहिलं, टॅब्लेट इथेच राहतील म्हणाल्या, आणि सौसरला निघाल्या.

सरांनी किल्ली मागितली नाही. उलट पोरांसमोर उभे राहून ते म्हणाले, की नदीच्या दोन काठांना जोडणारी ही पिढी आहे, हा चौथा टप्पा आहे, आणि शतकांचं वैर या वर्गात संपलं आहे. करुणा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्या वळणार, एवढ्यात श्रुतीने हात वर केला. खिडकीकडे गौरवही उभा राहिला. दोघांचं आधीच बोलणं झालेलं दिसत होतं.

"म्याडम, त्या मोठ्या म्याडम गेल्या ना?"

"गेल्या गं."

"मंग मधल्या सुट्टीत आमी जराकसं भांडून घेऊ का?"