सोडियमला इथून वाट नाही

“ओळख पटल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही. आणि अंगावरचं पाणी उतरवणार नाही, त्याला तर मुळीच नाही.” मी घडत होतो तेव्हाची ही आज्ञा. मला कान नाहीत, तरी ती पक्की बसली आहे.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. खालापूरच्या गौराबाईंच्या हृदयातल्या एका पेशीच्या पडद्यात मी बसलेलो आहे. जुना आपला आमच्या मानाने. आमचं आयुष्य फार थोडं. माझ्यातून पोटॅशियमचे भारित कण जातात, ज्यांना शास्त्रात आयन म्हणतात. एका श्वासात लाखो जातात. सोडियमला मात्र मी दारातूनच परतवतो.

हा सोडियम पोटॅशियमचा भाऊबंद. भार तोच, फक्त अंगाने लहान. त्याची तक्रार एकच, थोरला जातो तर मी का नाही? असं विचारणारे शहाणे तुमच्यातही आहेत. त्यांनी नेरळला जावं आणि माथेरानच्या छोट्या गाडीचा डबा मोठ्या गाडीच्या रुळांवर ठेवून बघावा. लहान आहे म्हणून चालेल का तो?

प्रत्येक कण पाण्याला बिलगून येतो. माझ्या गळ्यात ऑक्सिजनचे हात आहेत, पाण्याच्या हातांइतक्याच अंतरावर. पोटॅशियम पाणी सोडतो आणि मी त्याला सगळीकडून धरतो. आईच्या कडेवरचं मूल मावशीच्या कडेवर जावं, तसा तो न रडता पुढे सरकतो. सोडियम एवढासा, की एका बाजूने धरला तर दुसरीकडचे हात त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. मग तो पाणी सोडायलाच राजी होत नाही, आणि पाण्यासकट गळ्यात मावत नाही. स्वतःला पाणी सुटत नाही आणि बोल मात्र दाराला.

पण सोडियम परवडला. माणसं त्याच्याहून वाईट.

गौराबाईंची किडनी कमजोर आहे. चातुर्मास लागला आणि त्यांनी मीठ सोडलं. देवीसमोर हात जोडून, कुणाला न विचारता. मला व्रत कळतं. मीही एकच नियम धरून बसलो आहे. पण त्यांची सून हर्षला हिला सासूबाईंनी अर्धी भाकरी ताटात टाकलेली बघवेना. तिने विपुलला, म्हणजे नवऱ्याला सांगून दुकानातून कमी सोडियमच्या मिठाचं पाकीट आणवलं.

“आई, हे घ्या आमटीत. हे मीठ नाय, पोटॅशियम हाय. पाकिटावर लिवलंय.”

“खारट लागतंय की गं.”

“लागू द्या की. तुमी मीठ सोडलंय, खारट नाय सोडलं.”

विपुल हसला. “बघ आये, व्रत बी राहिलं नि चव बी राहिली.”

काय ही अक्कल! पाकिटात सोडियमही होताच. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारा, हेही खाली बारीक अक्षरांत होतं. पण या घरात वरची मोठी अक्षरं वाचली की वाचन संपतं. आणि गौराबाईंनी देवीच्या नावाने ती आमटी रोज दोन्ही वेळा खाल्ली.

थकलेली किडनी पोटॅशियम बाहेर टाकीना. तो रक्तात साठला आणि माझ्या दाराशी दाटी झाली. एरवी पेशीतला पोटॅशियम माझ्यातून बाहेर जातो, म्हणून ठोक्यानंतर पेशीला नीट विसावा मिळतो. आता बाहेरच इतकी गर्दी, की आतले हवे तसे निघेनात. मी काय करणार? ओळखणं माझं काम, मोजणं नव्हे. ठोके मंदावले. कपडे धुताधुता गौराबाईंच्या पायांतलं बळ गेलं आणि त्या दगडाशेजारीच बसून राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी हृदयाचा आलेख बघितला, रक्ताचा रिपोर्ट बघितला. “आजी, काय खात होता?”

“अळणीच हाय माजं.”

हर्षलाने मान खाली घालून पिशवीतून पाकीट काढलं. डॉक्टरबाईंनी खालची बारीक अक्षरं वाचली. मग सुया झाल्या, औषधं झाली. माझ्या दाराशी हळूहळू मोकळं झालं.

“खुशाल अळणी खा,” निघताना त्या म्हणाल्या. “पण अळणी म्हणजे अळणी. आणि आठवड्याने रक्त तपासायला या. रक्तातलं पोटॅशियम पुन्हा चढलं, तर घरून इथवर यायला वेळ मिळेलच असं नाही.”

रिक्षात हर्षला रडायला लागली. “माज्यामुळं झालं सगळं.”

“गप गं. मी जाईन तपासायला. तुला नाय कुणी नावं ठेवणार.”

मित्रांनो, तुमच्या जिभेला दोघंही खारटच लागतात. त्यांना वेगळं ओळखणारे आम्ही आत बसलेलो, आणि आम्हाला बोलता येत नाही. म्हणून घरात कुणाची किडनी कमजोर असेल, तर मीठ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. तेवढंही जमत नसेल तर निदान स्वयंपाकघरात शास्त्र सांगू नका.

आठवडा झाला. सकाळी विपुल चहा पीत म्हणाला, “आता तर ठणठणीत हायेस आये. कशाला उगाच सुई टोचून घेतेस?” अजून तसाच. मला आश्चर्यही वाटलं नाही.

गौराबाईंनी देवीपुढची वात सारखी केली, डोक्यावरून पदर घेतला. हर्षला मोरीत भांडी घासत होती, तिला हाकही मारली नाही. चपला पायात घातल्या आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या.