आंजीचा थंड खड्डा

तीस वर्षं तारांवर काढली म्या. लाइन चालू का बंद, हे मले नुसतं ऐकून समजते. पण आंजीच्या पुढं सोलरची वीज नेणारी ती नवी केबल मुकी होती. तिच्या आतून द्रव नायट्रोजन फिरते. एवढ्या थंडीत वीज वाटेत जराही वाया जात नाई, असं साहेब सांगत. गुणगुण नाई, ऊब नाई. मले तिच्यापाशी भेवच वाटे, खोटं काऊन बोलू?

त्या मेच्या दुपारी केबलच्या खड्ड्यातल्या शिडीवर पांढरं दव गोठलं होतं. माहा भाचा निकेश, नलूचा एकुलता एक, वॉल्व्ह पाहाले खाली उतरला तो वर येईना. म्या वाकून पाह्यलं. भिंतीले टेकून बसला होता अन् हसून राह्यला होता.

"मामा, लय बरं वाटून राह्यलं," म्हणे.

मले वाटलं, याले करंट बसला. आमच्या धंद्यात एकच मरण माहीत, करंटचं. आधी लाइन बंद, मंगच माणसाले हात.

"हालू नको," मी ओरडलो. "लाइन बंद करून येतो. तिथंच बसून राह्यजो."

त्यानं मान हालवली.

लाइन बंद केली, कामाचं परमिट लिहिलं, उरलासुरला करंट जमिनीत उतरवाले अर्थिंग टाकलं. एक पायरी सोडली नाई. सात मिनिटं गेली. परत आलो तं त्याची मान कलली होती, हसू तसंच होतं. म्या शिडीवर पाय टाकला, तेवढ्यात आवार झाडणाऱ्या बायजाबाईनं माहा सदरा धरला. मी तिले नाई नाई ते बोललो, पण बाईनं सोडलं नाई. जुन्या विहिरीत उतरायच्या आधी सोडतात तसा तिनं डब्यात दिवा पेटवून दोरीनं खाली सोडला. वारा नव्हता. तिसऱ्या पायरीपाशी ज्योत बारीक झाली अन् विझली. पुन्हा पेटवला, पुन्हा तिथंच विझला. नायट्रोजन गळून खड्डा भरला होता. त्याले ना वास, ना रंग. खाली श्वासापुरती हवाच उरली नव्हती.

पंखे लावून त्याले वर काढलं तवा सारं संपलं होतं. डॉक्टर म्हणे, हवा कमी पडली का माणसाले आधी असंच बरं वाटते; बोलत होता तवाच वर बोलावलं असतं तं आपल्या पायानं चढला असता.

तिसऱ्या दिवशी नलूनं मले जवळ बसवलं.

"दादा, वर यायची धडपड तरी केली काय रे त्यानं?"

"नाई," म्या म्हणलं. "म्याच त्याले बसून राह्य म्हणलं होतं."