भोपळ्याची भीती

रादोयेच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं गाव आत, उरलेलं खिडकीला नाक लावून. मधोमध त्याची पंधरा वर्षांची मुलगी नेदा, डोक्यावर लाल फडकं, आणि त्यावर भीती उतरवणाऱ्या क्रुनियाबाईनं धरलेलं पाण्याचं भांडं.

क्रुनियानं वितळलेलं शिसं पाण्यात ओतलं. चर्रर्र झालं आणि काट्याकाट्यांचा गोळा निघाला.

"बघा, साळिंदरासारखी भीती बसलीय पोटात. हीच पोरीचा घास अडवते. पळ गं भीती, गळ गं भीती, डोंगरापल्याड जळ गं भीती."

दुसऱ्यांदा काटे कमी. तिसऱ्यांदा शिसं निघालं गुळगुळीत, बदामासारखं. लोकांनी छातीवर क्रूस काढला.

"गेली. आता जेव जेव म्हणून मागे लागू नका. शेजारी पहारा नको. भूक आपोआप लागेल," असं सांगून बाई मोबदल्यात मिळालेली, धुरी दिलेली डुकराची मांडी काखेत मारून निघाली.

कोपऱ्यात नेदाची आजी स्तामेना ओठ चावत बसली होती. गेल्या वर्षी उपासाच्या दिवसांत पोरगी ताटाला शिवेना, तर हेच गाव म्हणालं होतं, काय धार्मिक पोर! शाळेत चक्कर येऊन पडली तेव्हा कुठे बेलग्रेडला नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे. हट्ट नाही आणि पुण्यही नाही. जेवण हेच औषध. वेळेवर द्या, कुणीतरी सोबत बसा, भांडू नका. तेव्हापासून आजी रोज शेजारी बसून थापा मारायची. आजोबा दांडग्या माशावर बसून द्रिना नदी पार गेले, वगैरे. नेदा वैतागायची, पण जेवायची.

आता रादोयेनं ताटाशेजारची आजीची खुर्चीच उचलली. भरलेल्या बशा तशाच परत येऊ लागल्या.

"रादोये, पोरगी पुन्हा वाळतेय."

"आई, मागे लागायचं नाही म्हणाल्यात. तू तर माशावर बसवून बाबांना नदीपार नेतेस, आणि क्रुनियामावशीवर विश्वास नाही?"

"नेते की. पण त्या थापेपायी कुणाचं ताट उचललं नाही मी."

रविवारी चर्च सुटल्यावर म्हातारीनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. नवा रोगी आलाय म्हणाली. खुर्चीवर लाल फडकं बांधलेला भोपळा.

"आजी, याला काय झालंय?" नेदानं विचारलं.

"जेवत नाही गं."

रादोयेच्या मासेमारीच्या जाळ्याचं शिसं तिनं पळीत कडकडीत तापवून गार पाण्यात ओतलं. काटेच काटे.

"कुणी घाबरवलं रे याला?" लोक हसले. मग तिनं पळीतलं शिसं जरा निवू दिलं आणि हलक्या हातानं ओतलं. गुळगुळीत गोळा.

"बरा झाला. संध्याकाळी कापते."

क्रुनिया फणकारली, "श्रद्धा नसेल तर गुण येत नाही."

"भोपळ्याला आला की."

मग तिनं सरळ सांगितलं. फार तापलेलं शिसं गार पाण्यात फुटतं, त्याचे काटे होतात. निवलेलं शांत बसतं. भीतीचा त्यात काही संबंध नाही, आणि वर शिशाचा धूर विषारी. "कळलं तर घरी जा. कुणाच्या पोरीनं अन्न टाकलं तर डॉक्टरकडे न्या आणि ताटाशी बसून राहा. हे काम कंटाळवाणं आहे. पळीनं होत नाही."

संध्याकाळी रादोयेनं खुर्ची गुपचूप जागेवर आणली आणि स्वतःसाठी आणखी एक ओढली. पानात त्याच भोपळ्याची भाजलेली गोड गुंडाळी.

"मला नको. मी बरी झालेय," नेदा म्हणाली.

"शिसं बरं झालंय. तू व्हायचीस अजून," आजी म्हणाली.

"तुझा राग येतो मला."

"येऊ दे. मी इथंच आहे."

नेदानं जेवायचा काटा जमिनीवर आपटला. आजीनं तो धुऊन परत ठेवला आणि माशाची गोष्ट काढली. मासा नदीच्या मध्यावर आला तेव्हा नेदानं पहिला घास घेतला.

"खोटं आहे हे सगळं," ती चावता चावता म्हणाली.

"साफ खोटं," आजी म्हणाली. "म्हणून तर ते औषध म्हणून विकत नाही."